मानेचा एमआरआय आणि मानेचे दुखणे

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. वयाबरोबर गादीतले पाणी कमी होते, तिची जाडी घटते आणि मणक्यांच्या कडांवर हाड वाढते. ही सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस. बोलीभाषेत 'मणक्यात गॅप'. नागपूरच्या मिहानमध्ये आयटी कंपन्यांची कार्यालये आहेत. संगणकापुढे बसून मान अवघडणे तिथे नवे नाही. पण अवघडलेली मान आणि एमआरआयचा अहवाल यांचे नाते वाटते तितके सरळ नसते.

गैरसमज: अहवालात 'डिस्क बल्ज' (फुगलेली गादी) आला, म्हणजे दुखण्याचे कारण सापडले.

जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. विशीतल्या तरुणांमध्येही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. फुगलेली गादी ही बहुतेकदा पांढऱ्या केसांसारखी वयाची खूण असते.

म्हणून अहवालातली जागा आणि लक्षणांची जागा जुळते का, हे पाहणे महत्त्वाचे. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून निघणारी नस दबली तर कळ आणि मुंग्या साधारणपणे अंगठ्याकडे जातात. त्याखालची दबली तर मधल्या बोटाकडे, आणि कोपर सरळ करण्याची ताकद कमी होते. अहवाल उजवीकडची नस दाखवतो आणि बधिर झाली आहे डावी करंगळी, तर तो अहवाल त्या दुखण्याचा नाही. करंगळीचा बधिरपणा कोपराजवळ दबलेल्या नसेमुळेही येतो, आणि रात्री झोपमोड करणाऱ्या बोटांच्या मुंग्या अनेकदा मनगटातून येतात. हाताने केलेली तपासणी इथे चित्रापेक्षा जास्त सांगते.

गैरसमज: नस दबली, आता शस्त्रक्रियेवाचून सुटका नाही.

हातात उतरणारी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत ते महिन्यांत औषधे आणि व्यायामाने कमी होते. बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा आपोआप आक्रसतो. हाताची ताकद वाढत्या वेगाने कमी होत असेल, तर मात्र थांबू नये. ताप, घटते वजन, अपघात, क्षयरोग किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर एमआरआय लगेच हवा.

गैरसमज: चक्कर येते, म्हणजे मानेचाच दोष.

गरगरण्याचे कारण बहुधा कानाच्या आतल्या भागात असते.

गैरसमज: दुखत नाही, म्हणजे धोका नाही.

सर्वांत घातक समजूत हीच. नसेऐवजी मज्जारज्जू दबला, तर मान अजिबात न दुखताही नुकसान होत राहते. शर्टाची बटणे लागत नाहीत, अक्षर बिघडते, भाकरी थापताना हात साथ देत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीची घाई होते. घरचे याला म्हातारपण म्हणतात आणि महिने निघून जातात. गमावलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईलच असे नाही. उपचाराचा मुख्य हेतू पुढची हानी थांबवणे हा असतो. अशी लक्षणे दिसली तर कळ येण्याची वाट न पाहता मेंदू-मज्जारज्जू तज्ज्ञाकडे किंवा मणक्यांच्या शल्यचिकित्सकाकडे तातडीने जावे.