पाटे वाढवण्यापूर्वी स्टिअरिंगचा विचार करा

काल्हेर, कशेळी, कोपर, पूर्णा या पट्ट्यातील गोदामांसमोर उभ्या असलेल्या पिकअप आणि छोट्या टेम्पोंकडे बाजूने पाहिले, तर कित्येक गाड्यांचा मागचा भाग कंपनीने दिला त्यापेक्षा उंच दिसतो. मालकाने मागे एक-दोन जादा पाटे टाकून घेतलेले असतात. दुसरीकडे, आपल्या काही तरुणांना जुनी जीप घेऊन ती उंच करण्याचा शौक आहे. एक काम मालासाठी, दुसरे हौसेसाठी. पण दोन्हींचा परिणाम ड्रायव्हरच्या हातातील स्टिअरिंगवर होतो. गॅरेजमध्ये पाट्याचा भाव विचारला जातो, स्टिअरिंगचे काय होईल हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

गोदामातील ट्रॉलीचे फिरते चाक पाहा. ट्रॉली ढकलली की ते चाक आपल्या खिळीच्या मागे येऊन आपोआप सरळ होते. मोटारीच्या पुढच्या चाकांतही हीच युक्ती आहे. चाक ज्या किंगपिनवर वळते तिचे वरचे टोक किंचित मागे झुकवलेले असते. या कलाला कारागीर कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग हातात सरकून परत सरळ येते ते मुख्यतः या कलामुळे. कल कमी झाला की स्टिअरिंग हलके लागते, मालक खूश होतो, आणि वेग वाढला की गाडी रस्त्यावर इकडेतिकडे भटकू लागते.

जुन्या विलिस जीपचे उदाहरण घेऊ. (ही जीप आपल्याकडे आणणारी कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघाली होती. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली.) या जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ८० इंच आणि कॅस्टर ३ अंश. आता फक्त मागची बाजू २ इंच उचलली तर गाडी सुमारे दीड अंश पुढे झुकते. म्हणजे ३ अंशांतील जवळजवळ निम्मा कल गेला. पिकअपच्या चाकांतील अंतर जास्त असल्याने तेवढ्याच उंचीने कोन कमी बदलतो, पण बदलतो.

पुढची व मागची बाजू सारखी उचलली तर कॅस्टर बहुतेक टिकतो. तेथे अडचण दुसरी येते. स्टिअरिंग बॉक्स चासीबरोबर वर जातो, अॅक्सल खालीच राहतो, आणि दोघांना जोडणारी ड्रॅग लिंक तिरपी होते. मग प्रत्येक खड्ड्यात चाक वरखाली झाले की स्टिअरिंग हातात आपोआप ओढले जाते. म्हणून जाणकार कारागीर नुसते पाटे बदलून थांबत नाही. तो ड्रॅग लिंकचा कोन पाहतो, गरज असेल तर अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर देऊन कॅस्टर परत आणतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर कोन जास्त येत नाही ना, हेही तपासतो. पुढच्या अॅक्सलवर ठोकळे ठेवून उंची वाढवणाऱ्याकडे मात्र जाऊच नये. माझ्या मते शौकासाठी २ इंच पुष्कळ झाले. टायरही मोठे बसवले तर स्टिअरिंग जड होते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. ग्रे कापडाची गाडी बहुधा भरून जाते आणि रिकामी येते. जादा पाट्यांची गाडी भरलेली असताना ठीक दिसते. रिकामी झाली की मागचा भाग उंच होतो, कॅस्टर घटतो, आणि कडक पाट्यांमुळे मागची चाके खड्ड्यात उडतात. पावसात ओल्या रस्त्यावर अशा रिकाम्या गाडीला जोरात ब्रेक मारला तर ती आडवी होऊ शकते.

याहून लपलेला धोका ब्रेकमध्ये आहे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मालाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली असते, आणि गाडी किती दबली यावरून तो वजन ओळखतो. कडक पाट्यांवर गाडी दबतच नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा मिळतो. पाटे बदलल्यावर हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवावा लागतो. गॅरेजवाल्याला हे स्पष्ट सांगा.

पुष्कळदा तर पाट्यांची गरजच नसते, माल रचण्यात चूक असते. हमाल सोयीसाठी गाठी फाळक्याकडे रचतात. मागच्या अॅक्सलच्या पलीकडे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत तरंगल्यासारखे वाटते. जड गाठी आधी केबिनला टेकवून रचा. यात एक पैसाही खर्च होत नाही.

जादा पाट्याने आरसीवरील वजन वाढत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिला आहे. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्याविरुद्ध बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. गाडीतला ग्रे दुसऱ्याची अमानत असतो, आणि ड्रायव्हर कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. वजन खरोखरच वाढले असेल तर मोठी गाडी घ्यावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात.

काम करून घेतलेच असेल तर गाडी गॅरेजच्या दारात ताब्यात घेऊ नका. एकदा रिकामी आणि एकदा भरून मोकळ्या रस्त्यावर चालवा. वळणानंतर स्टिअरिंग स्वतः परत येते का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, साठच्या आसपास पुढची चाके थरथरतात का, हे पाहा. काही शे किलोमीटर झाल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे बसताना ते सैल पडतात.