संस्थानी शिपायाचा तलाश

अक्कलकोटचा एखादा शिपाई पहिल्या महायुद्धात कामास आला काय, याचा तलाश करणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावे की, हा मुलूख १९४८ पर्यंत सोलापूर जिल्ह्यात नसून संस्थानी होता, सबब लष्करी दप्तरात ‘सोलापूर’खाली न सापडलेले नाव ‘अकलकोट’खाली, आणि तेही इंग्रजी वर्णांतरात विरूप होऊन, सापडण्याचा संभव असतो.

दप्तराप्रमाणे स्मारकावरही नाव मिळेलच असे नाही. मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या पलटणी मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात सापडून, उपासमार सोसून, २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. तथापि मेसोपोटेमियात कामास आलेल्यांच्या, १९२९ मध्ये अनावृत झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली असता सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या नोंदली गेली. हा पंक्तिप्रपंच आजही सलतो.

नावे राहिली ती राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत, कित्येकदा बापाच्या नावानिशी आणि गावासह. गावोगावच्या संगमरवरी शिळांवर बहुधा किती युद्धावर गेले व किती परतले नाहीत, एवढेच आकडे असतात. म्हणून घरचे पदक आधी पाहावे. चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते; अर्थात ते सोनाराच्या मुशीत गेले नसेल तर.