दूरच्या मित्राला आवाज पाठवा
पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ झालेले असतात. इकडे जेवणं उरकून निवांतपणा, तिकडे ऑफिसला निघायची घाई. अशा दोन मैत्रिणींना महिन्यातून एकदा फोनची वेळ जुळवणंही जड जातं. मग सणासुदीला फॉरवर्ड केलेली चित्रं तेवढी उरतात. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज राहतो, दोघींनी एकाच वेळी मोकळं असण्याची अट मात्र जाते. म्हणून दूरच्या मैत्रीसाठी तो टाइप केलेल्या मजकुरापेक्षा सरस आहे, असं माझं मत आहे. ही गरज काही आजची नाही. ट्रंक कॉल परवडत नसे त्या काळात आखाती देशांत कामाला गेलेले भारतीय कॅसेटवर बोलून ती घरी पाठवत. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय 2013 मध्ये दिली आणि 2022 मध्ये कंपनीने सांगितलेला आकडा होता रोज सरासरी 700 कोटी व्हॉइस मेसेज.

‘शहाणाच आहेस!’ हे कौतुकही असतं आणि कानउघाडणीही. सूर ऐकल्याशिवाय कळत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उपरोधाची आणि मनापासूनची वाक्यं वेगळी ओळखायची होती. ऐकणाऱ्यांना ती सुमारे चारपैकी तीन वेळा ओळखता आली, ईमेल वाचणाऱ्यांना निम्म्याहून जेमतेम जास्त. लिहिणाऱ्यांना मात्र आपला सूर नीट पोचणार याची खात्री होती! पुढे अमित कुमार आणि एप्ली यांच्या अभ्यासात जुन्या मित्राशी फोनवर बोलणं अवघडल्यासारखं होईल, असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात ते ईमेलपेक्षा अवघड गेलं नाही आणि जवळीक जास्त वाटली. याच अभ्यासात अनोळखी लोकांच्या गप्पांमध्ये चेहरा दिसण्याने फारशी भर पडली नाही; जवळीक आली ती आवाजामुळे.

यावर कुणी म्हणेल, फोनवरचं बोलणं जिवंत असतं. रेकॉर्ड केलेल्या बोलण्यात मध्येच ‘हं, मग?’ म्हणता येत नाही. खरं आहे, आणि मित्राच्या घरी दुःखद घटना घडली तर फोनच करायला हवा. पण एरवी फोन होतच नाही, त्यामुळे तुलना अबोल्याशी करायला हवी. दुसरी तक्रार ऐकणाऱ्याची: दहा सेकंदांत वाचून झालं असतं त्यासाठी चार मिनिटं कान द्यायचा, तोही लोकलच्या गर्दीत. ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पत्ता, तारीख, गाडीची वेळ लिहूनच कळवावी. ज्याला ऐकू कमी येतं त्यालाही लिहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय 2021 पासून आहे, पण मित्राचं बोलणं तसं ऐकू नये. बोलताना तो जिथे थांबतो, अडखळतो, तिथेच त्याची खुशाली कळते.

वाचताना एखादं नाव मनात आलं असेल, तर त्याला आज दोन मिनिटांचा मेसेज टाका. विशेष काही सांगायचं नसलं तरी चालेल. उत्तर आठवड्याने आलं तर रागावू नका.