तेलाचा दिवा आणि इंजिनाचा ठोका



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा कामगारांच्या एखाद्या प्रश्नावर आम्ही बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही जुन्या मोटारीच्या इंजिनाचा विषय सांगितला, तेव्हा त्यांना हसू आले. वस्तुतः दोन्ही विषय एकच आहेत, ते कसे हे पुढे कळेल. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. मोटारीबद्दल जे काही कळते ते गॅरेजातल्या स्टुलावर बसून, मिस्त्री लोकांना प्रश्न विचारून आणि जुनी पुस्तके चाळून मिळवलेले आहे. तेही हौसेने नव्हे, एका ड्रायव्हरचा पगार वाचवायचा होता म्हणून.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कंत्राटदाराकडे हा गडी आठ महिन्यांपासून नोकरीस होता. मालकाच्या मुलाने हौसेने घेतलेली, टर्बो बसवलेली, एके काळी फार वेगवान म्हणून नावाजलेली एक पेट्रोल गाडी तो चालवी. गाडीचे वय अठरा वर्षे. कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. बार्शीहून येताना येडशीजवळ गाडी हळू केली तेव्हा तेलाचा लाल दिवा लुकलुकला. गडी थांबला, पट्टी काढून बघितली, ऑइल भरलेले. मालकाला फोन केला. मालक म्हणाले, ऑइल आहे ना, मग घेऊन ये. वेग वाढवताच दिवा विझलाही. ढोकीच्या अलीकडे खालून ठकठक सुरू झाली आणि स्टँडसमोर इंजिन जाम होऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मालकाने सांगितले की इंजिनाचा खर्च पगारातून कापला जाईल. हिशेब केला तेव्हा ती रक्कम दीड वर्षाच्या पगाराहून अधिक भरली.

तो आमच्याकडे आला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला, "अण्णा, पट्टी दोनदा बघितली. आईल भरल्यालं हुतं. मग दिवाच खोटा म्हणायचा की!"

दिवा खोटा नव्हता. पट्टी दाखवते ते तेल किती आहे. दिवा सांगतो तो तेलाचा दाब. आपल्यापैकी शेतकरी मंडळींना हे चटकन उमगेल. विहिरीत पाणी काठोकाठ आहे, मोटार चालू आहे, पण तळाशी फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने बुजली असेल तर पाटात पाणी पडत नाही. विहिरीत डोकावून बघणारा म्हणेल, पाणी तर भरपूर आहे! इंजिनाच्या खाली चेंबर असते, ती विहीर. तिच्यातून पंप एका जाळीतून तेल ओढतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत, वर कॅमपर्यंत आणि टर्बोपर्यंत दाबाने पोचवतो. बेअरिंग आणि फिरता दांडा यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो, त्यावर दांडा अक्षरशः तरंगत असतो. पडदा फाटला की धातूला धातू लागतो, आणि मग काही मिनिटांचा अवधी असतो, क्वचित तेवढाही नसतो.

आता त्या दिव्याची एक खोड सांगितली पाहिजे. पुष्कळ गाड्यांत या दिव्याचे बटण चौरस सेंटीमीटरला पाव ते अर्धा किलो इतक्या अल्प दाबावर बसवलेले असते. दाब त्याखाली गेला तरच दिवा पेटतो. रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या तापल्या इंजिनाला मात्र दोन-तीन किलो किंवा त्याहून अधिक दाब लागतो. म्हणजे दाब एक किलोवर घसरला, बेअरिंगे उपाशी राहू लागली, तरी दिवा गप्पच. वेग वाढवला की पंप जोरात फिरतो, दाब थोडा चढतो आणि दिवा विझतो. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि नेमके तेव्हाच इंजिनाचे हाल अधिक होत असतात. हा दिवा पहिला इशारा नव्हे, बहुधा शेवटचा असतो. तो पेटला की गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद करायची आणि दाब मोजून होईपर्यंत पुन्हा फिरवायची नाही. पट्टीवर तेल दिसले तरीही नाही.

दिव्यांच्या रंगांना सर्वसाधारण अर्थ आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढेच. किल्ली फिरवली की हे इशाऱ्याचे दिवे क्षणभर पेटून विझले पाहिजेत. जुनी गाडी विकत घेताना तिथे अवश्य लक्ष द्यावे. एखादा दिवा मुळीच पेटला नाही तर आनंद मानू नये. दिवा काढून टाकणारे महाभाग बाजारात आहेत. तपमानाच्या काट्याबाबतही सावध असावे. रेडिएटरचे सगळे पाणी वाहून गेले तर तपमान मोजणारा भाग कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लोकांना सर्वांत जास्त छळतो. तो संगणकाचा दिवा. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना त्याची एकसारखी पद्धत सक्तीची झाली; आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० नंतर ती टप्प्याटप्प्याने आली. गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि एक आकडा निघतो. समजा पी-०१७१ निघाला. त्याचा अर्थ इतकाच, की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत आहे. पुष्कळ ठिकाणी लगेच धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कारण तक्रार त्याने नोंदवली! कितीतरी वेळा तो सेन्सर बिचारा खरे बोलत असतो, आणि दोष वयाने तडकलेल्या एखाद्या रबरी नळीत असतो, जिथून चोरटी हवा आत शिरते. तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकण्याची ही रीत आम्हांस दुसऱ्या क्षेत्रातून चांगली परिचित आहे. हाच दिवा लुकलुकू लागला तर मात्र इंजिन मिसिंग मारत आहे, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो, असे समजून गाडी हळू करावी.

आवाजाचे शास्त्र याहून जुने. रेल्वेत चाकावर हातोडी मारून तडा ओळखणारा माणूस असे. साखर कारखान्यात आम्ही असे फिटर पाहिले, की लांब पेचकस बेअरिंगवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावत आणि कोणती बाजू कोरडी चालली आहे ते सांगत. मोटारीलाही हीच युक्ती चालते, फक्त फिरत्या पट्ट्यांपासून बाही सांभाळावी.

पण कान लावण्याआधी विचारायचे असते, की आवाज केव्हा येतो? थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून वरच्या टॅपेटची टिकटिक निम्म्या तालात येते, हलकी, शिवणयंत्रासारखी. सकाळी येऊन तेल वर पोचल्यावर गेली तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी पॅकिंग फुटले असेल तरी हुबेहूब तशीच टिकटिक येते आणि धातू तापून फुगला की कमी होते. यात भले भले मिस्त्री फसतात. चढावर वरच्या गिअरात खडखड वाजले तर ते नॉकिंग. हलक्या प्रतीचे पेट्रोल किंवा आत साचलेला कार्बन बघावा. सुरू करताना पट्टा किंचाळला तर त्यावर थोडे पाणी शिंपडावे. आवाज बदलला म्हणजे दोष पट्ट्याचा.

खालून येणारा जड, खोल ठोका मात्र वेगळा. तो क्रँकच्या वेगाबरोबर वाढतो, तापल्यावर तेल पातळ झाले की स्पष्ट होतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना जास्त ऐकू येतो. मिस्त्री एकेका सिलिंडरचा प्लग क्षणभर बंद करून बघतो. ज्याचा बंद केल्यावर ठोका मंदावतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले. हा ठोका ओळखण्यापुरता ऐकावा, गावापर्यंत जायचे म्हणून ऐकत बसू नये.

टर्बोच्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. शेंद्र्याच्या कारखान्यातून २००४ च्या सुमारास ऑक्टेव्हिया आरएस निघाली, १.८ लिटरचे टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्ती. त्या काळात ती रस्त्याने गेली की पोरे वळून बघत. अशा गाड्या आता विशी उलटून तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. मूळ किंमत मोठी, म्हणून सुट्या भागांचा खर्चही मोठा. घेणारा मात्र स्वस्तात मिळाली म्हणून घेतो आणि पहिली काटकसर ऑइलमध्ये करतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि धुराच्या उष्णतेत बसलेला असतो. तिथे तेल भाजते. जोरात पळवून आणून लगेच किल्ली बंद केली तर आणखीच भाजते. बारीक शीळ टर्बोला शोभते, पण ती भोंग्यासारखी चढू लागली आणि मागून निळा धूर आला तर तो दाखवावा. आणि कॅम फिरवणारा दातेरी रबरी पट्टा तर बहुधा काहीही न बोलता तुटतो. तो किलोमीटर आणि वर्षे मोजूनच बदलायचा.

आता त्या गड्याकडे येऊ. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात नुकसानीच्या कपातीसाठी ते नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असावे, आणि त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे होते. त्याच्या नोकरीला तो कायदा कितपत लागू, यावर वाद घालता आला असता. आम्ही वाद घातला नाही. चेंबर चौघांदेखत उतरवावे, एवढीच मागणी केली. मिस्त्रीही म्हणाला, "चेंबर उतरवल्याबिगर मी कुणाचंच नाव घेणार न्हाई."

चेंबर उतरले. तळाशी काकवीसारखा काळा गाळ बोटभर बसलेला, आणि जाळी जवळजवळ बुजलेली. असा गाळ एका दिवसात, एका फेरीत होत नाही. वेळेवर न बदललेले तेल हजारो किलोमीटर भाजत राहते तेव्हा होतो. पावत्या मागवल्या. दोन वर्षांत ऑइल बदलल्याची एकही नव्हती, वरून भरल्याच्या सहा होत्या. म्हणून तर पट्टी नेहमी भरलेली दिसे!

ड्रायव्हरची चूक नव्हती असे आम्ही म्हटले नाही. लाल दिव्यानंतर किल्ली फिरवायची नव्हती, हे त्याच्यासमोरच सांगितले, त्याला ते आवडले नाही. पण फोनवर हुकूम कोणी दिला, हेही विचारले. मालक बराच वेळ जाळी हातात धरून बघत होते. कपात रद्द झाली. गाडी ओढून आणण्याचा खर्च गड्याने स्वतःहून दोन हप्त्यांत दिला. आम्ही नको म्हणत होतो.

नोकरी राहिली. दुरुस्त केलेले इंजिनही चालते आहे. आम्ही त्याला शंभर पानी वही दिली होती, तारीख, किलोमीटर, आवाज आणि दिवा एवढे चार रकाने आखून. परवा ती बघितली. शेवटची नोंद अशी : सकाळी थंड असताना टिकटिक, येडशी येईस्तोवर बंद. दिवा नाही. ऑइल बदलायला चारशे किलोमीटर राहिले, मालकास सांगितले, मालकाची सही घेतली.