जुन्या डिझेल गाडीची नाडीपरीक्षा
मीटरवर अडीच लक्ष किलोमीटरांचा आकडा दिसला, एवढ्यावरून जुनी डिझेल गाडी बाद ठरविणे न्याय्य नव्हे. कारण रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे सिद्ध केलेल्या डिझेल इंजिनात ठिणगीची योजनाच नसून, जुन्या इंजिनांत सुमारे वीसपट दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, आणि तो दाब सोसण्यासाठी त्याची घडण मुळातच भक्कम असते. खरेदीपूर्वी दुरुस्तीचे दफ्तर पाहावे, परंतु अधिक भरवसा रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनावर ठेवावा (ते आधीच तापवून ठेवणे ही विक्रेत्यांची जुनी हिकमत!). ते सुरू केल्यावर निघणारा निळा धूर ही तेल जळत असल्याची खूण, काळा धूर ही हवा अपुरी वा इंधन अधिक असल्याची. आणि चालू इंजिनाचे तेलाचे झाकण काढताच वाफारा जोराने उसळला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजून विक्रेत्याचा निरोप घ्यावा.

घेतलेल्या गाडीची शक्ती वाढविण्यासाठी डिझेल पंपाचा स्क्रू पिळणारे कारागीर पुष्कळ भेटतात. गाडी चार दिवस उधळते खरी, पण जळित वायूंचे तापमान चढून टर्बोचे आयुष्य घटते. त्यापेक्षा हवेचा व डिझेलचा फिल्टर बदलावा, नोझलची फवारणी तपासून घ्यावी, आणि ईजीआर (जळित वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी योजना) असलेल्या गाडीत हवेच्या मार्गात साचलेली काजळी खरवडून काढावी. हरवलेली ओढ बरीचशी एवढ्यानेच परतते.