कर्जाचा पैसा शाळेपर्यंत पोहोचतो का?

जागतिक बँकेने अमुक देशाला गरिबी कमी करण्यासाठी कर्ज दिले, अशी बातमी आपण वाचतो आणि विसरतो. खरे तर तिथून पुढेच पाहायला हवे.

1980 च्या दशकात जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी कर्ज देताना सरकारांना खर्च कापायला लावत. आफ्रिकेतील कित्येक देशांत त्याची झळ शाळा-दवाखान्यांना बसली. टीका वाढल्यावर 1999 मध्ये नवी पद्धत आली. कर्जमाफी किंवा सवलतीचे कर्ज हवे असेल, तर सरकारने आपल्या लोकांशी चर्चा करून गरिबी निर्मूलनाचा आराखडा स्वतः करायचा. याला भागीदारी म्हटले गेले. (आराखडा शेवटी वॉशिंग्टनला संचालक मंडळांपुढे जायचाच!)

युगांडाने असा आराखडा 1997 मध्येच केला होता. त्याच वर्षी तिथे प्राथमिक शाळांची फी रद्द करण्याचे धोरण सुरू झाले. अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीच्या योजनेत कर्जमाफी मिळालेला तो पहिला देश, 1998 मध्ये. वाचलेला पैसा शिक्षण, आरोग्य, पाणी यांसाठी वेगळ्या निधीत ठेवला गेला.

पण निधी मंजूर होणे वेगळे आणि वर्गात पोहोचणे वेगळे. 1991 ते 1995 या काळात केंद्र सरकारने शाळांना दर विद्यार्थ्यामागे दिलेल्या अनुदानापैकी सरासरी फक्त 13 टक्के शाळांपर्यंत पोहोचले, असे पाहणीत आढळले. बाकीचे जिल्हा पातळीवरच जिरले. निम्म्याहून अधिक शाळांना काहीच मिळाले नाही. जे मिळाले त्यातही सधन वस्तीतल्या शाळांचा वाटा मोठा, कारण तिथले लोक जाऊन विचारत होते. गरीब वस्तीला आपल्या नावावर पैसा आला आहे हेच ठाऊक नव्हते.

मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. शाळेच्या फलकावर आकडा लावणे बंधनकारक झाले. 2001 पर्यंत सुमारे 80 टक्के अनुदान शाळांत पोहोचू लागले. सगळे श्रेय वर्तमानपत्रांना देता येणार नाही, त्या काळात इतर सुधारणाही झाल्या. तरी आकडा पालकांच्या नजरेसमोर आला, हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो.

आपल्याकडे माहिती अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 आहे. कार्यालयांनी अंदाजपत्रक आणि खर्च कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायचा आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा वस्तीतल्या रस्त्याच्या कामासाठी कार्यालयात जाल, तेव्हा आधी तो आकडा फलकावर शोधा. नसेल, तर तो लावायची लेखी मागणी करा आणि पोच घ्या.