अक्षरांची सोयरीक

गेल्या वैशाखांत आमच्या पुतणीचें लग्न झालें. मुहूर्त सकाळीं ११ वाजून ४१ मिनिटांचा होता. मुलीची आई नोकरीनिमित्त परगांवीं असे, तेव्हां तिची वेणीफणी, तिचा शाळेचा डबा हें सर्व आमच्या थोरल्या वहिनींनींच पाहिलेलें. आतां वहिनींचें वय ८१. गुडघ्यांमुळें कार्यालयांत फार वेळ बसवत नाहीं, म्हणून त्या ऐन मुहूर्तास येणार होत्या. ११ वाजून ४५ मिनिटांनीं त्या दारांत रिक्षांतून उतरल्या, तों अंतरपाट दूर झाला होता आणि अक्षता जमिनीवर पडल्या होत्या. घरून आणलेल्या अक्षता मुठींत तशाच धरून त्या म्हणाल्या, "भावोजी, पत्रिकेंत एकूणपन्नास मिनिटें लिहिलीं आहेत ना?"

आम्हीं पत्रिका उघडून पाहिली. ४१ मधील १ चें शेपूट अशा डौलानें वळविलें होतें कीं, तो हुबेहूब ९ दिसत होता. दोष वहिनींच्या चष्म्याचा नव्हता. छपाईपूर्वीं हीच पत्रिका आम्हांस दाखविली होती, आणि पस्तीस वर्षें मुलांचीं अक्षरें तपासलेल्या या मास्तरानें "छान आहे" म्हणून मान डोलाविली होती!

घरीं आल्यावर मोजलें, तों एका पानावर सात प्रकारचे टाईप निघाले. गणेशवंदना कुंचल्याच्या फटकाऱ्यांत, वधूवरांचीं नांवें वेलबुट्टींत, मुहूर्त त्याहून नागमोडी, पत्ता केसासारख्या बारीक रेघेंत. प्रत्येक टाईप सुटा पाहिला तर देखणा. परंतु सात गवई एकाच वेळीं सात राग आळवूं लागले तर बैठकीचें जें होईल, तें त्या पानाचें झालें होतें.

पूर्वीं असें सहसा घडत नसे. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. तेथील संस्कृत ग्रंथ ज्यांनीं हाताळले असतील, त्यांस त्यांतील पानाची शिस्त आठवेल. मूळ श्लोक मोठ्या टाईपांत, खालीं टीका लहान टाईपांत, आणि दोहोंचें वळण एकमेकांस साजेसें. शिशाचे खिळे जड आणि महाग. लहान छापखान्याजवळ मोजकेच संच असत, व जुळाऱ्यास तेवढ्यांतच भागवावें लागे. त्या टंचाईनें संयम आपोआप शिकविला. आतां संगणकावर शेंकडों टाईप, ज्यांस हल्लींचीं मुलें फाँट म्हणतात, एका टिचकीसरशी हजर होतात. निवड करण्याचा भार आपणांवर आला आहे.

येत्या माघांत आमच्या नातवाची मुंज आहे. या खेपेस आम्ही नातीशेजारीं संगणकापुढें ठाण मांडून बसलों. तिनें आम्हांस यंत्र समजावून दिलें, आम्हीं तिला अक्षर. दोघांच्या वादविवादांतून जें निष्पन्न झालें, तें वाचकांच्या घरच्या कार्यांतहि उपयोगी पडेल, म्हणून येथें देतों.

एका पानास दोन टाईप पुष्कळ झाले: एक मजकुरास, एक मथळ्यास. सोयरीक जुळवितांना आपण सगोत्र टाळतों, तोच न्याय येथें लावावा. दोन टाईप जवळजवळ सारखे असले, तर वाचणाऱ्यास वाटतें कीं छापणाऱ्याची चूक झाली. दोहोंत भेद असावा, आणि तो उघड दिसावा. बोरूच्या तिरप्या टोंकामुळें देवनागरीची रेघ कोठें जाड, कोठें बारीक उतरते. तें वळण राखणारा टाईप मजकुरास घेतला, तर मथळ्यास एकसारख्या जाडीच्या रेघेचा शोभतो. आम्हीं मजकुरास 'टिरो देवनागरी मराठी' आणि मथळ्यास मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' निवडला. दोन्ही विनामूल्य मिळतात. 'मुक्त' बारीकपासून अतिठळकपर्यंत सात जाडींत आहे. एकाच टाईपाच्या दोन जाडी वापरण्यास सगोत्राची हरकत नाहीं. तो एकाच माणसाचा घरचा आणि समारंभाचा पोषाख होय.

भेद असला तरी घराण्याची रीत मात्र जुळली पाहिजे. मराठींतील पाकळीचा ल आणि हिंदी छपाईंतील ल निराळे आहेत. श चेंहि तसेंच. मजकुरांत एक ल आणि मथळ्यांत दुसरा आला, तर डोळा अडखळतो. कित्येक टाईपांत दोन्ही वळणें असतात, परंतु संगणकास भाषा मराठी असल्याचें सांगितल्यावांचून आपलें वळण उमटत नाहीं. नातीस हें ठाऊक नव्हतें, आम्हांसहि नव्हतें. दोघांनीं मिळून शोधून काढलें.

दोन्ही टाईपांत जोडाक्षरांचीहि परीक्षा घ्यावी. 'शुद्ध' मधला द्ध फुटून द चा पाय मोडलेला दिसला, किंवा 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतील रकाराचा भेद राहिला नाहीं, तर तो टाईप कितीहि सुंदर असो, परत पाठवावा. पत्रिकेंत इंग्रजी मजकूर असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. देवनागरीस वर मात्रा आणि खालीं उकार यांकरितां जागा राखावी लागते, म्हणून आंकड्यानें आकार सारखा असूनहि तिचें अक्षर रोमन अक्षराशेजारीं बहुधा लहान दिसतें. तें एक-दोन अंशांनीं वाढवावें.

शेवटीं आंकडे. १ आणि ९, ४ आणि ५, हे छापून कागदावर पाहावे; पडद्यावर सर्वच ठळक दिसतें. तो कागद घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाच्या हातीं द्यावा, आणि कांहीं न सांगतां मोठ्यानें वाचावयास लावावा.

आमच्या नातवाच्या मुंजीचा मुहूर्त ९ वाजून १९ मिनिटांचा आहे. पत्रिकेचा कच्चा छाप घेऊन आम्ही वहिनींकडे गेलों. त्यांनीं कागद उजेडाकडे धरला, चष्मा वर सरकविला आणि एका दमांत वाचलें, "नऊ वाजून एकोणीस." मग कागद परत देत म्हणाल्या, "अक्षर छान आहे, भावोजी. पण मी आदल्या रात्रींच मुक्कामास येईन."